जनरलचा उजवा पाय

गावात त्याला सगळे जनरल म्हणायचे. खरं तर तो फौजेतून साधा जवान म्हणूनच परत आला होता, तोही उजवा पाय गुडघ्याखाली सीमेवर ठेवून. पण चालणं असं, की समोरून येणारा आपोआप बाजूला होऊन वाट द्यायचा. मान ताठ, छाती पुढे, आणि सरकारने बसवून दिलेला तो नकली पाय डाव्याच्या बरोबरीने असा पडायचा की अनोळखी माणसाला शंकाही येऊ नये. नवरा जनरल, म्हणून बायको जनरलीण झाली. तिला कोणी विचारलं नव्हतं. जनरलची आई मात्र नुसती म्हातारीच राहिली, आणि याचा तिला मनातून राग होता.

तिघांचं विटांचं काम होतं. ओढ्याकाठी खड्डा, खड्ड्यात माती, मातीत पाणी आणि तूस, आणि मग तुडवणं. तुडवायची जनरलीण. कपडे गुडघ्यापर्यंत खोचून ती खड्ड्यात उतरली की गारा लोण्यासारखा मऊ झाल्याशिवाय वर यायची नाही. सरकारी पाय गाऱ्यात चालत नाही. चिखल त्याला धरून ठेवतो आणि माणूस एकटाच वर येतो. हे त्यांनी पहिल्याच वर्षी करून पाहिलं होतं. त्यामुळे जनरल काठावर बसून साच्यात गारा ठोकायचा आणि विटा पाडायचा. म्हातारी वाळलेल्या विटांच्या कडा तासायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची. विटा वाळल्या की वाहून न्यायच्या, भट्टी रचायची, आणि ढग यायच्या आत पेटवायची. कच्च्या विटांना पावसाने गाठलं की हंगामभराच्या कष्टाची पुन्हा माती होते. भट्टी रचणं हे जनरलचं खास काम. हातात विटा घेऊन फळीवरून चढायचं, वर उभं राहून थर लावायचे, उतरायचं, परत चढायचं. आणि या वर्षी नेमका पायाने घात केला.

घोट्यापाशी तडा गेला होता. जनरलिणीने आधी तार गुंडाळली, मग सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून बांधली, वरून डिंक फासला. पाय उभा राहिला, पण आता तो किंचित तिरका पडायचा आणि वरची कडा जनरलच्या मांसात घुसायची. संध्याकाळी तो पाय काढून ठेवायचा तेव्हा आतलं फडकं लाल झालेलं असायचं. ते फडकं तो स्वतः धुवायचा, तिने पाहू नये म्हणून ओढ्यावर जाऊन धुवायचा, आणि तिने ते कधीचंच पाहिलं होतं.

"दुखतंय का हो?" ती विचारायची.

"दुखायला पाय कुठे आहे?" तो हसून म्हणायचा.

हा त्याचा ठरलेला विनोद. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती त्यावर खूप हसली होती. आता हसू येत नव्हतं, पण त्याला दुसरं उत्तर येत नव्हतं आणि तिला दुसरा प्रश्न.

"नवा पाय मागू या," एके दिवशी ती म्हणाली. "सरकारचाच आहे ना हा? मग सरकारनेच बदलून द्यायला हवा."

सरकारकडे जायचं म्हटल्यावर घरात लगीनघाई सुरू झाली. जनरलचा सदरा तांब्यात निखारे घालून इस्त्री केला. बूट काळे कुळकुळीत केले. आणि जनरलिणीने पाय घेतला मांडीवर. जुनी तार काढली, नवी घातली, पट्टी बदलली, सगळा पाय तेलाने असा चोळला की म्हातारी म्हणाली, "अगं, त्या पायाला काय बघायला येणार आहेत का?"

"कचेरीत जायचंय, आई. मळका पाय घेऊन जायचा का?"

"ते खरं," म्हातारी म्हणाली आणि लेकाच्या टोपीवरची धूळ झटकली.

कचेरी तालुक्याला. लांबलचक ओसरी, एका बाजूला बाकडी, दुसऱ्या बाजूला दारं, आणि प्रत्येक दारावर कसली ना कसली पाटी. बाकड्यांवर जुने फौजी बसले होते. एकाची बाही कोपराशी पिन लावून दुमडलेली, एकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा. जनरलला पाहून सगळे सरकले आणि जागा झाली. जनरलिणीला वाटलं, इथली माणसं चांगली आहेत. मग तिला कळलं की चांगली माणसं बाकड्यांवर होती.

कारकून टेबलामागे चहा पीत होता. त्याने फाइल उघडली, पानं उलटली, आणि वर न बघता विचारलं, "अपंगत्व चालू आहे का?"

"म्हणजे?" जनरल म्हणाला.

"म्हणजे अजून आहे का?"

जनरलने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. पेन्शनच्या कागदावर दरवर्षी येणाऱ्या याच प्रश्नावरून घरी म्हातारी कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. "पाय म्हणजे काय गवत आहे का, की पाऊस पडला आणि उगवला?"

"आहे, साहेब," जनरल म्हणाला.

"विजार वर करा."

"इथेच?"

"मग कुठे? आम्हाला काय महाल बांधून दिलाय?"

सगळ्यांच्या देखत जनरलने विजार वर केली. कारकुनाने वाकून आपल्या पेनाने पायावर टकटक केलं, दारावर करावं तसं. आतून कोणी आलं नाही. मग त्याने पान उलटलं आणि त्यांना डॉक्टरकडे पाठवलं.

डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, आणि त्यांच्यापुढे एक छापील कागद होता. त्यावर जे छापलं होतं तेवढंच ते विचारत. "ओसरीच्या त्या टोकापर्यंत चालून दाखवा," ते म्हणाले.

आणि जनरल चालला. काय चालला! बाकड्यावरचे सगळे फौजी ताठ बसले. चष्मेवाल्याला दिसत नव्हतं, पण पावलांचा आवाज ऐकून त्याच्या ओठांवर हसू आलं. टोकाला जाऊन जनरल झोकात वळला, परत आला, टाचा जुळवून उभा राहिला. जनरलिणीचा ऊर भरून आला. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं तिला वाटलं. तिचं हे वाटून होईपर्यंत डॉक्टरांचं लिहून झालं होतं.

"चाल उत्तम. पाय सुस्थितीत. बदलण्याची गरज नाही."

"अहो साहेब," जनरलीण पुढे झाली, "तो मी बांधलाय! आत तडा आहे."

डॉक्टरांनी पायाकडे पाहिलं. "छान बांधलाय," ते म्हणाले, आणि त्यात थट्टा नव्हती.

घरी आल्यावर म्हातारीने दोघांची अशी हजेरी घेतली की शेजारच्यांनी कामं थांबवली. "हिने दागिना घासावा तसा पाय घासला, आणि हा तिथे नवरदेवासारखा मिरवला! अरे, मागायला गेला होतात की दाखवायला?"

"मग काय करू?" जनरल म्हणाला.

"लंगड!"

"मला लंगडता येत नाही."

"एक पाय नाही आणि लंगडता येत नाही! देवा, कसला पोरगा दिलास." म्हातारीने काठी टाकली आणि अंगणात उतरली. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते, त्यामुळे या विषयात तिचा अधिकार मोठा. "हे बघ. आधी कंबर टाकायची. मग तोंड वाकडं करायचं. मग 'आई गं' म्हणायचं."

"'आई गं' कशाला?"

"मला बरं वाटतं म्हणून."

जनरलिणीने पायाची तार सोडली, पट्टी काढली, तडा मोकळा केला. जनरल अंगणात लंगडायला उभा राहिला. पहिल्या पावलाला नीट चालला. दुसऱ्या पावलाला फारच नीट चालला. म्हातारी ओरडली, "कंबर!" तर त्याने कंबर अशी हलवली की जनरलीण विटांच्या ढिगावर बसून पोट धरून हसली. म्हातारी पुढे, जनरल मागे, दोघं अंगणभर झुलत चालले होते, आणि कुंपणापलीकडून कोणीतरी विचारलं, "काय हो, नाच बसवताय का?" जनरलने तोंड वाकडं ठेवूनच उत्तर दिलं, "सरकारी काम आहे." त्या संध्याकाळी तिघं इतकी हसली की जेवताना म्हातारीला ठसका लागला. पाठीवर थोपटता थोपटता जनरलिणीच्या मनात आलं, पाय मिळो न मिळो, हे घर चांगलं आहे.

दुसऱ्या खेपेला मळका सदरा, धुळीचे बूट, आणि पाय जसा होता तसा. बसमधून उतरल्यापासून ती बजावत होती, "उजवा. उजवा लक्षात ठेवा." तो मान डोलावत होता. पण डॉक्टरांनी "चला" म्हटलं आणि जनरलला घाम फुटला. गोळीबारात न घाबरलेला माणूस खोटं चालायला घाबरला. तो निघाला, कंबर टाकली, तोंड वाकडं केलं, आणि डाव्या पायाने लंगडायला लागला.

जनरलिणीने दुरून हाताने खूण केली, उजवा, उजवा. त्याला वाटलं, उजवीकडे वळायला सांगतेय. तो वळला आणि भिंतीला लागला.

डॉक्टर कागदाकडे बघत राहिले. "फाइलमध्ये कोणता पाय आहे?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"उजवा."

"हे डाव्याने लंगडतायत."

कारकुनाने कप खाली ठेवला. "सोंग आहे, साहेब," तो म्हणाला. "असे रोज येतात."

जनरलचं वाकडं तोंड हळूहळू सरळ झालं. कारकून सांगत होता, आता घरी येऊन पाहणी होईल, कधी ते सांगता येणार नाही, तोवर अर्ज थांबवून ठेवलाय. जनरलने ते उभ्याने ऐकलं आणि बाहेर निघाला. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने हात काढला नाही, पण धरलाही नाही.

"मीच लंगडायला लावलं," ती म्हणाली. "चूक माझी."

"मी फौजेत होतो," तो म्हणाला.

त्यानंतर कामाला ऊत आला. दुपारी वारा पडायचा आणि पश्चिमेला ढग गोळा व्हायचे, संध्याकाळी विरायचे, दुसऱ्या दिवशी थोडे जास्त व्हायचे. भट्टी अर्धी रचून झाली होती. पायाला पुन्हा तार बांधून जनरल फळीवरून चढत होता, उतरत होता. आता तो एक शब्द न बोलता राबायचा, आणि जनरलिणीला ते लाल फडक्यापेक्षा वाईट वाटायचं. एका सकाळी तो पाय चढवायला बसला आणि त्याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. तिने पाय त्याच्या हातातून काढून घेतला, धुतला आणि कुंपणावर उन्हात टांगला.

"आज मी चढते. तुम्ही खालून विटा द्या."

"तुला थर लावता येतात?"

"वाकडे लागले तर तुम्ही आहातच ओरडायला."

तिला थर लागत होते, वाकडे लागत होते, आणि तो खालून खरंच ओरडत होता. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज अंगणात फिरला. म्हातारी कडा तासत होती. खड्ड्यात गारा भिजत घातलेला होता, ऊन लागून सुकू नये म्हणून वर तूस पसरलेलं. वरून पाहिलं तर अगदी कोरडी, सपाट जमीन. गावातलं शेंबडं पोरही त्याच्या वाटेला जात नसे.

दुपारी रस्त्यावर जीप थांबली. डॉक्टर उतरले, मागून छातीशी फाइल धरून कारकून. वाट लांबून वळून येत होती. कारकुनाने हात केला. "साहेब, इकडून जवळ पडेल."

"अहो, तिकडून नको!" भट्टीवरून जनरलीण ओरडली.

डॉक्टरांनी तिला पाहून नमस्कार केला आणि पाऊल टाकलं. तुसातून त्यांचा पाय असा गेला की पुढचा नमस्कार गुडघाभर गाऱ्यातून झाला. त्यांना ओढायला कारकून धावला, आणि तो मांड्यांपर्यंत गेला. तिने चांगलं तुडवलेला गारा होता. एकदा धरलं की सोडतोय कशाला! जितके हलत होते तितके रुतत होते. कारकुनाने फाइल डोक्यावर धरली आणि आरोळी ठोकली, "वाचवा!"

"हलू नका!" जनरलचा आवाज आला, आणि दोघं जागच्या जागी थिजले.

जनरल एका पायावर उड्या मारत आला. फळी ओढून काठावर टाकली, तिच्यावर पालथा झाला आणि डॉक्टरांच्या काखेत हात घातले. "पाय वर ओढू नका, साहेब. टाच फिरवा. पुढे झुका, माझ्यावर भार टाका. बूट सोडून द्या, बूट गेले." जनरलीण भट्टीवरून उतरून आली आणि तिने नवऱ्याची कंबर धरली. म्हातारीने सुनेची कंबर धरली. गाऱ्याने मोठ्ठा आवाज करून डॉक्टरांना सोडलं, तशी तिघं मागे पडली आणि डॉक्टर त्यांच्यावर. कारकुनाला जास्त वेळ लागला. तो बाहेर आला तेव्हा पायात बूट नव्हते, मोजे नव्हते, आणि चेहऱ्यावर कसलीच पाटी नव्हती.

म्हातारीने डॉक्टरांना विटांच्या ढिगावर बसवलं आणि पायांवर पाणी ओतायला लागली. कारकून फाइल ठेवायला निघाला. अंगणभर विटांचे कपचे पडले होते, तापलेले. "ओय! ओय!" करत तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत गेला.

"सोंग करू नको रे," म्हातारी म्हणाली.

डॉक्टरांना हसू आवरलं नाही. मग त्यांची नजर जनरलकडे गेली. तो शेजारीच बसून चिखल पुसत होता, विजार वर गुंडाळलेली. कचेरीत त्यांनी जनरलचा सरकारी पाय पाहिला होता. हा पाहिला नव्हता. गुडघ्याखाली कातडी सोललेली, एका बाजूला काळीनिळी, कडेला ओली जखम. डॉक्टर चिखलातच खाली बसले. त्यांनी हळूच बोटं टेकवली.

"इथे दुखतं?"

"दुखायला पाय कुठे आहे, साहेब?" जनरल हसून म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. जनरलिणीचा मात्र धीर सुटला. "बास," ती म्हणाली. "बास झालं आता. साहेब, हे ओढ्यावर जाऊन फडकं धुतात. मला कळत नाही असं यांना वाटतं." मग ती नवऱ्यापुढे उकिडवी बसली. तिचे हात कोपरापर्यंत मातीचे होते, तसेच तिने त्याच्या गुडघ्यावर ठेवले. "अहो, इथे कवायत नाहीये. इथे मी आहे, आई आहे. एकदा सांगा ना. काय होईल? आभाळ पडेल?"

जनरलने आईकडे पाहिलं. म्हातारी तांब्या हातात धरून उभी होती, पाणी ओतायचं विसरून.

"दुखतं," जनरल म्हणाला.

आवाज अगदी लहान निघाला. "सकाळी पहिल्या पावलाला फार दुखतं. मग दिवसभर दुखतं, पण सवय होते. चढताना वीट हातातून पडेल असं वाटतं." त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. "त्या दिवशी लंगडलो ते खोटं होतं, साहेब. त्याआधी नीट चाललो होतो, तेच जड गेलं होतं."

डॉक्टर उठून कारकुनाला म्हणाले, "लिहा. पाय तातडीने बदलणे."

"साहेब, दुखण्याला रकाना नाही."

"कोऱ्या जागेत लिहा."

"पेन खड्ड्यात आहे, साहेब."

यावर आधी म्हातारी हसली, मग जनरलीण, मग जनरल, आणि जनरल हसायला लागला की भट्टीमागचे पक्षी उडायचे. शेवटी जीपमधून दुसरं पेन आणलं. अनवाणी साहेब अनवाणी कारकुनाच्या पाठीवर कागद ठेवून लिहीत होते. जाताना डॉक्टरांनी खड्ड्यात गेलेल्या बुटांची चौकशीसुद्धा केली नाही.

सरकार ते सरकारच. माप घ्यायला बोलावलं, माप घेणारा रजेवर. पुन्हा बोलावलं, तर जुना पाय जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही म्हणाले, आणि जमा केला तर माणूस घरी कसा जाईल यावर अर्धा दिवस काथ्याकूट झाला. शेवटी डॉक्टर स्वतः खोलीतून बाहेर आले आणि प्रकरण मिटलं. पाय आला तेव्हा ढग ओढ्यावर टेकले होते.

भट्टी मातीने लिंपून तयार होती. जनरलीण तोंडाशी पेटवत होती आणि जनरल नवा पाय घालून फळीवरून वर चढला, राख पसरली, सगळ्या बाजूंनी धूर नीट निघतोय का पाहिलं. बाजूचा तिचा वाकडा थर बघून त्याने जीभ बाहेर काढून दाखवली. ती खालून ओरडली, "उभा आहे ना? मग गप्प बसा!" जाळ धरला. वरच्या भेगांतून पांढरा धूर निघाला. मग पहिले टपोरे थेंब भट्टीवर पडले आणि तिथल्या तिथे चर्र होऊन उडून गेले. भट्टीच्या पोटातल्या विटांना त्यांची आता काही फिकीर नव्हती. म्हातारीने पावसाकडे बघून हात ओवाळला. "ये बाबा, ये. आता हवा तेवढा ये."

जनरल उतरून पडवीत आला, बायकोजवळ टेकला. ती तोंडावरची काजळी पुसत होती. तिने काही विचारलं नव्हतं. विचारायचं तिच्या मनातही नव्हतं. नव्या पायाच्या आनंदात ती विसरूनच गेली होती.

"अगं," तो म्हणाला, "इथे जरा लागतंय. आतल्या बाजूला. चढताना बोचतं."

जनरलिणीचा हात तोंडाशीच थांबला. इतक्या वर्षांत आपणहून तो पहिल्यांदा म्हणाला होता. तिला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्याने तिला ठसका लागला.

"काय झालं?" तो घाबरला. "फार नाही गं. नवा आहे, होतं असं. थोडंच लागतंय."

"कुठे? दाखवा," ती म्हणाली. "नीट दाखवा. इथे? की इथे?"

"इथे. नाही, जरा वर. हां."

ती कापूस आणायला आत धावली. म्हातारी पावसाकडे बघत पुटपुटली, "झालं. आता रोज ऐकावं लागणार," आणि आपल्या जागेवरून सरकून तिने लेकाच्या पायाखाली उशी दिली.